दिवसाला किती चहा-कॉफी चालते? कॅफीनचा हिशेब, कुणी जपायचे आणि ताकदीसाठी घरातलेच पर्याय

बेळगाव : "चा घेऊनच जावा की," असे कुणी म्हटले की सीमाभागात सहसा नाही म्हणता येत नाही. सकाळी उठल्यावर एक, नाश्त्याबरोबर एक, अकरा वाजता टपरीवर कटिंग, चारला एक आणि संध्याकाळी घरी पाहुणे आले की आणखी एक. बेळगाव-खानापुरात चहा, धारवाडकडे गेले की फिल्टर कॉफी, हैदराबादेत इराणी चहा, इंदूरला पोह्यांबरोबर चहा, गोव्यात पाव-भाजीबरोबर चहा. राज्य बदलले तरी सवय तीच. आता त्यात दुकानाच्या फ्रीजमध्ये दिसणाऱ्या एनर्जी ड्रिंकच्या कॅनची आणि बाटल्यांची भर पडली आहे.

या सगळ्यांत समान असलेला पदार्थ म्हणजे कॅफीन. ते विष नाही आणि टॉनिकही नाही. बहुतेक निरोगी मोठ्या माणसांना दिवसाला दोन-तीन कप चहाने काही होत नाही. पण "अंगात जोर येतो" म्हणून जे प्यायले जाते, त्यातून खरोखर जोर येतो का, हा प्रश्न वेगळा आहे. रात्रपाळीचे कामगार, ट्रक आणि उसाच्या ट्रॉलीचे ड्रायव्हर, परीक्षेला बसलेली मुले, गरोदर महिला आणि अंगात रक्त कमी असलेल्या महिला यांच्यासाठी या प्रश्नाचे उत्तर माहीत असणे गरजेचे आहे.

कॅफीन शरीरात नेमके काय करते?

माणूस जागा असतो तेव्हा मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचे रसायन हळूहळू साठत जाते. ते मेंदूतल्या ठराविक जागांवर जाऊन बसले की थकवा जाणवतो, जांभया येतात, झोप येते. कॅफीनची रचना अ‍ॅडिनोसिनशी मिळतीजुळती असते. बसच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट अडवतात, तसे कॅफीन त्या जागा अडवून ठेवते. अ‍ॅडिनोसिन तिथेच उभे राहते, पण त्याला बसायला जागा मिळत नाही. म्हणून माणसाला तरतरी आल्यासारखे वाटते.

म्हणजे थकवा गेलेला नसतो, तो फक्त जाणवत नसतो. कॅफीनचा अंमल उतरला की साठलेले अ‍ॅडिनोसिन आपली जागा घेते आणि माणूस आधीपेक्षा जास्त गळून गेल्यासारखा होतो. मग पुढचा कप लागतो. कॅफीनमध्ये स्वतःच्या कॅलरी जवळपास नसतातच. चहातून मिळणारी ऊर्जा ही दूध आणि साखरेची असते. साध्या हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर कॅफीन ही कमाई नव्हे, उसनवारी आहे. ती फेडायची असते झोपेने आणि अन्नाने.

चहा-कॉफी प्यायल्यावर साधारण अर्ध्या ते एका तासात रक्तातले कॅफीन सर्वांत जास्त असते. त्यातले निम्मे शरीराबाहेर पडायला मोठ्या माणसात सरासरी ५ तास लागतात. हा काळ प्रत्येकाचा वेगळा असतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या शरीरातून कॅफीन लवकर निघते. म्हणून धूम्रपान सोडल्यावर तेवढाच चहा जास्त चढतो, धडधड होते, झोप येत नाही. सिगारेट सोडल्याचाच हा त्रास आहे असे समजून काही जण पुन्हा ओढायला लागतात. खरे तर त्या दिवसांत चहा निम्म्यावर आणला तरी फरक पडतो. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या महिलांत आणि गरोदरपणात मात्र कॅफीन जास्त वेळ शरीरात राहते.

कशात किती कॅफीन?

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यात १५० मिलिलिटरच्या कपाचा हिशेब असा दिला आहे :

- चहा : ३० ते ६५ मिलिग्रॅम
- इन्स्टंट कॉफी : ५० ते ६५ मिलिग्रॅम
- बियांची पूड गाळून केलेली कॉफी : ८० ते १२० मिलिग्रॅम

टपरीवरचे कटिंग यापेक्षा लहान, साधारण अर्ध्या कपाचे असते. त्यात त्या मानाने निम्मे कॅफीन धरावे.

फिल्टर कॉफीचा अंदाज मात्र सहज लागत नाही. दुकानात मिळणाऱ्या पुडीत बऱ्याचदा चिकोरी मिसळलेली असते. चिकोरी हे एका झाडाचे भाजलेले मूळ असून त्यात कॅफीन नसते. नियमाप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी ५१ टक्क्यांपेक्षा कमी असता कामा नये. शिवाय कॉफीची जातही महत्त्वाची. रोबस्टा बियांत अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफीन असते, आणि भारतात रोबस्टाचेच पीक जास्त निघते. म्हणून एकाच आकाराच्या दोन पेल्यांत दुपटीचा फरक पडू शकतो. पुडीवर चिकोरीचे प्रमाण छापलेले असते, ते वाचून घ्यावे.

काही गैरसमजही आहेत. दूध घातले की कॅफीन कमी होत नाही. आले, वेलची, मसाला घातल्यानेही कमी होत नाही. ग्रीन टी चहाच्याच झाडाच्या पानांपासून होतो, त्यामुळे त्यातही कॅफीन असते. चॉकलेट आणि कोलामध्येही असते. चहा पत्ती न घालता नुसत्या गवती चहाचा, तुळशीचा किंवा आल्याचा काढा केला तर मात्र त्यात कॅफीन नसते. आणि एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही : डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असते. गोळी आणि वर कडक चहा, असा दुहेरी डोस बरेच जण नकळत घेतात.

मर्यादा किती?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या सल्ल्यानुसार दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅफीन जाऊ नये. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी मोठ्या माणसासाठी ४०० मिलिग्रॅमची मर्यादा दिली आहे. एका वेळी २०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असेही सांगितले आहे. आपल्याकडे चहाचे कप लहान असले तरी वेळा जास्त असतात आणि साखर भरपूर असते. त्यामुळे ३०० चा आकडा धरून चालणे बरे.

एका दिवसाचा हिशेब

वर सांगितलेला नेहमीचा दिवस घेऊ. एका कपात सरासरी ५० मिलिग्रॅम कॅफीन आणि दोन लहान चमचे म्हणजे ८ ग्रॅम साखर धरू. कटिंगमध्ये दोन्ही निम्मे.

- चार पूर्ण कप : २०० मिलिग्रॅम कॅफीन, ३२ ग्रॅम साखर
- एक कटिंग : २५ मिलिग्रॅम कॅफीन, ४ ग्रॅम साखर
- एकूण : २२५ मिलिग्रॅम कॅफीन, ३६ ग्रॅम साखर

कॅफीन मर्यादेत आहे. पण साखर? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांपेक्षा कमी हवी, म्हणजे साधारण ५० ग्रॅमच्या आत. ती २५ ग्रॅमपर्यंत आणता आली तर जास्त चांगले. इथे नुसत्या चहातून ३६ ग्रॅम पोटात गेली. त्यात बिस्किटे, लाडू, कुंदा धरलेलाच नाही. महिन्याचा हिशेब केला तर एका माणसाची फक्त चहातली साखर १ किलोच्या वर जाते.

याच दिवशी एक एनर्जी ड्रिंकचा कॅन घेतला तर काय होते? २५० मिलिलिटरच्या कॅनमध्ये ७५ मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन असू शकते, आणि साखर घातलेल्या बऱ्याच कॅनमध्ये ती २५ ग्रॅमच्या आसपास असते. एकूण कॅफीन बरोबर ३०० वर पोचले आणि साखर ६० ग्रॅमच्या पुढे गेली. म्हणजे चहाचा खरा प्रश्न अनेक घरांत कॅफीनपेक्षा साखरेचा आहे, आणि कॅनमध्ये दोन्ही एकदम येतात.

जेवणावर चहा आणि अंगातले रक्त

सीमाभागातल्या कितीतरी घरांत जेवण झाले की लगेच चहा होतो. सकाळी भाकरी-भाजी आणि चहा एकत्रच असतात. इथे अडचण कॅफीनची नसून चहातल्या टॅनिनची आहे. भाजी, कडधान्ये, नाचणी, बाजरी यांतून मिळणारे लोह टॅनिनमुळे शरीरात नीट शोषले जात नाही. जेवणाबरोबर चहा घेतल्यास हे शोषण निम्म्याहूनही कमी होते, असे प्रयोगांत दिसले आहे. कॉफीचाही तसाच, पण थोडा कमी परिणाम होतो.

ही गोष्ट किरकोळ नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातल्या महिलांमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण असे आढळले :

- कर्नाटक : ४७.८ टक्के
- महाराष्ट्र : ५४.२ टक्के
- गोवा : ३९ टक्के
- मध्य प्रदेश : ५४.७ टक्के
- गुजरात : ६५ टक्के
- तेलंगणा : ५७.६ टक्के
- संपूर्ण देश : ५७ टक्के

याला एकटा चहा कारणीभूत नाही. कमी आहार, जंत, पाळीतला जास्त रक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणे अशी अनेक कारणे आहेत. पण ज्या बाईच्या अंगात आधीच रक्त कमी आहे, तिला सतत थकवा येतो. थकवा आला की ती चहा घेते. चहा जेवणावरच घेतला तर लोह कमी मिळते आणि थकवा वाढतो. हे चक्र तोडायला पैसे लागत नाहीत, फक्त वेळ बदलावी लागते.

राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्ला सोपा आहे : जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास चहा-कॉफी नको. जेवणात लिंबू, आवळा, कैरी, पेरू, टोमॅटो असे काही आंबट घेतले तर लोह जास्त शोषले जाते. आरोग्य केंद्रातून मिळणारी लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्यावी.

रात्रपाळी, ड्रायव्हर आणि झोप

उद्यमबागेतल्या फाउंड्रीची रात्रपाळी असो, गळीत हंगामात कारखान्यापुढे ट्रॉल्यांच्या रांगेत काढलेली रात्र असो, की निपाणी-संकेश्वर-बेळगाव-कित्तूर असा महामार्गावरचा रात्रीचा प्रवास असो, जागे राहायला चहा हाच आधार असतो. मर्यादित प्रमाणात कॅफीन सतर्कता वाढवते, हे खरे आहे. पण ते झोपेची जागा घेऊ शकत नाही. फार झोप अनावर झाली की माणूस उघड्या डोळ्यांनी काही सेकंद झोपतो. ताशी ८० किलोमीटर वेगात ३ सेकंद म्हणजे सुमारे ६७ मीटर अंतर. तेवढ्यात पुढची उभी ट्रॉली येते.

झोप येऊ लागली तर गाडी सुरक्षित जागी थांबवणे हाच पहिला उपाय. इंग्लंडमध्ये पेंगुळलेल्या ड्रायव्हरांवर झालेल्या प्रयोगांत एक गोष्ट उपयोगी ठरली : आधी कॉफी घ्यायची आणि लगेच १५ मिनिटे डोळे मिटून पडायचे. कॅफीनचा असर व्हायला तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे डुलकी आणि कॉफी दोन्हींचा फायदा एकत्र मिळतो. पण याने थोडाच वेळ निभावतो. रात्रभराची झोप त्यातून भरून निघत नाही.

रात्रपाळी करणाऱ्यांनी चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्या भागातच घ्यावा. सकाळी घरी जाऊन झोपायचे असेल तर झोपेआधीचे ६ तास चहा-कॉफी बंद. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झोपण्याच्या ६ तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन घेतलेल्यांची झोप एक तासाहून जास्त कमी झाल्याचे आढळले. "मला रात्री चहा घेतला तरी झोप लागते," असे अनेक जण सांगतात. झोप लागते हे खरे, पण ती गाढ होत नाही, आणि सकाळी अंग जड राहते. दिवसा काम करणाऱ्यांनी शेवटचा कप दुपारी तीन-चारपर्यंत घेतलेला बरा.

एनर्जी ड्रिंक : मुलांच्या हातात नको

खाद्यपदार्थांचे नियम देशभर एकच आहेत, त्यामुळे कॅन बेळगावात घेतला काय किंवा चंदगडात, त्यावरची सूचना तीच असते. अडचण अशी की ही सूचना बारीक अक्षरांत आणि बहुधा इंग्रजीत असते. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या नियमांचा मराठीत अर्थ असा :

- अशा पेयात एका लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असते.
- लेबलवर "जास्त कॅफीन" असा उल्लेख हवा.
- मुले, गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या महिला, कॅफीनचा त्रास होणाऱ्या व्यक्ती आणि खेळाडू यांच्यासाठी हे पेय नाही.
- दिवसाला ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त पिऊ नये.

खेळाडूंसाठी नाही, हे कॅनवरच लिहिलेले असते. तरी क्रिकेट आणि कबड्डीच्या मैदानावर हेच कॅन दिसतात.

युरोपीय प्राधिकरणाने मुलांसाठी वजनाच्या प्रत्येक किलोमागे ३ मिलिग्रॅम असा हिशेब धरला आहे. २० किलोच्या मुलाला हा आकडा ६० मिलिग्रॅम येतो. ७५ मिलिग्रॅमचा एकच कॅन त्याच्या वर जातो. दहावीतल्या ४० किलोच्या मुलाला तो १२० येतो. दोन कॅन घेतले की तोही आकडा ओलांडला. अभ्यासासाठी रात्री जागायला कॅन घेणाऱ्या मुलाची झोप मोडते, आणि वाचलेले डोक्यात पक्के होते ते झोपेतच. म्हणजे ज्यासाठी कॅन घेतला तेच हातचे जाते.

व्यायामशाळेत वापरल्या जाणाऱ्या व्यायामाआधीच्या पावडरींबाबत जास्त सावध राहावे. काहींच्या एका स्कूपमध्ये २०० मिलिग्रॅम आणि त्याहून जास्त कॅफीन असते. ऑनलाइन मिळणारी शुद्ध कॅफीन पावडर तर घरात आणूच नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिलेल्या इशाऱ्यानुसार १२०० मिलिग्रॅम, म्हणजे अर्ध्या चमच्याहूनही कमी पावडर झटपट घेतली तर झटके येण्यासारखे गंभीर परिणाम होऊ शकतात. अशा पावडरीने जीव गेल्याच्या घटना परदेशात घडल्या आहेत.

गरोदर आणि बाळंतीण

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत कॅफीन निम्मे व्हायला १५ तासांपर्यंत लागू शकतात. ते वारेतून बाळापर्यंत पोचते आणि बाळाच्या शरीराला ते बाहेर काढता येत नाही. दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेणाऱ्या गरोदर महिलांनी प्रमाण कमी करावे, कारण गर्भपात आणि कमी वजनाचे बाळ यांचा धोका वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. युरोपीय प्राधिकरण २०० वरच थांबायला सांगते. त्यामुळे दिवसाला दोन लहान कप, तेही जेवणापासून दूर, एवढेच ठेवावे. बाळंतपणानंतर अंगावर पाजणाऱ्या आईनेही हेच प्रमाण पाळावे. नवजात बाळाच्या शरीरातून कॅफीन निघायला काही दिवस लागतात. बाळ उगाच किरकिर करते, झोपत नाही, असे असेल तर आईचे चहा-कॉफीचे प्रमाण एकदा मोजून पाहावे.

आणखी कुणी जपायचे?

- थायरॉइडची गोळी घेणारे : गोळी उपाशीपोटी फक्त पाण्याबरोबर घ्यावी. चहा-कॉफी त्यानंतर अर्ध्या ते एका तासाने. लगेच घेतल्यास गोळी नीट लागू पडत नाही.
- रक्तदाबाचे रुग्ण : कॅफीनने रक्तदाब काही काळ वाढतो. तपासणीआधी किमान अर्धा तास चहा-कॉफी नको, नाहीतर आकडा चुकीचा येतो.
- आम्लपित्त असणारे : उपाशीपोटी कडक चहा टाळावा. आधी पाणी आणि काहीतरी खाऊन मग चहा.
- धडधड, घाबरेपणा, झोपेची तक्रार असणारे : दोन आठवडे प्रमाण निम्मे करून फरक बघावा.
- नवीन औषध सुरू झालेले : काही अँटिबायोटिक्समुळे कॅफीन शरीरात जास्त वेळ राहते. डॉक्टरांना चहा-कॉफीची सवय सांगावी.

कमी कसे करायचे?

एकदम बंद करू नये. रोज चार-पाच कप घेणाऱ्याने अचानक थांबवले तर १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते, चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही. हा त्रास दोन दिवसांपासून नऊ दिवसांपर्यंत राहू शकतो. कडक उपवासात किंवा रमजानच्या पहिल्या रोजांना डोके ठणकते, त्यात बऱ्याचदा भुकेइतकाच न मिळालेल्या चहाचाही वाटा असतो.

1. आधी तीन दिवस नुसते मोजावे. किती कप, किती वाजता, किती चमचे साखर, हे कागदावर लिहावे.
2. त्यानंतर दर तीन-चार दिवसांनी अर्धा कप कमी करावा. सुरुवात संध्याकाळच्या कपापासून.
3. कप लहान घ्यावा. हात नेहमीप्रमाणे कपाकडेच जातो, पोटात मात्र कमी जाते.
4. साखर आठवड्याला पाव चमच्याने कमी करावी. जीभ सवय लावून घेते.
5. जेवणानंतरचा चहा एक तास पुढे ढकलावा. अनेकदा तासाभराने त्याची आठवणही राहत नाही.
6. पाहुणे म्हणून गेल्यावर "अर्धाच घाला" म्हणायला संकोच नको. घरी आलेल्यांना ताक, कोकम सरबत, लिंबू सरबत विचारावे. पूर्वी दारात आलेल्याला गूळ-पाणीच दिले जायचे.

मग ताकद यायची कुठून?

चहाची तलफ येते त्या वेळी शरीराला बहुधा तीनपैकी एक गोष्ट हवी असते : पाणी, अन्न किंवा विश्रांती.

पाणी : उन्हात किंवा भट्टीजवळ काम करताना अंगातले पाणी थोडे जरी कमी झाले तरी गळाल्यासारखे वाटते आणि डोके दुखते. आधी एक तांब्या पाणी प्यावे, दहा मिनिटे थांबावे, मग चहा हवा का ते ठरवावे. घाम जास्त येत असेल तर मीठ घातलेले ताक किंवा लिंबूपाणी चांगले.

अन्न : सकाळी नुसता चहा-बिस्किटावर निघालेला माणूस अकरा वाजता गळतो, यात नवल नाही. बिस्किटातला मैदा आणि साखर लवकर संपते. त्याऐवजी :

- नाचणीची किंवा जोंधळ्याची आंबील ताक घालून. नाचणीत कॅल्शियम भरपूर असते.
- मूठभर भाजलेले शेंगदाणे. ३० ग्रॅममध्ये सुमारे ७ ग्रॅम प्रथिने आणि १७० कॅलरी मिळतात.
- फुटाणे किंवा भाजलेले चणे. खिशात ठेवता येतात, नासत नाहीत.
- उकडलेले अंडे. एकात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने.
- मोड आलेली मटकी किंवा मूग, वर लिंबू.
- गोव्याकडची उकड्या तांदळाची पेज, इंदूर-ग्वाल्हेरकडचे सत्तूचे सरबत, कोल्हापूर-बेळगावकडचे कुळथाचे कढण.
- केळे. घाईत, प्रवासात, खेळाआधी सगळ्यांत सोपे.

गुळाबद्दल मात्र भ्रम नको. साखरेपेक्षा त्यात खनिजे थोडी जास्त असली तरी रक्तातली साखर तो तेवढीच वाढवतो. मधुमेही व्यक्तीने गुळाचा चहा "चालतो" म्हणून पिऊ नये.

हालचाल : अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात २०१७ मध्ये झोप कमी झालेल्या तरुणींवर एक छोटा प्रयोग झाला. १० मिनिटे जिना चढ-उतार केल्यावर त्यांना ५० मिलिग्रॅम कॅफीनपेक्षा जास्त तरतरी वाटली. ५० मिलिग्रॅम म्हणजे आपला एक कप चहा. दुपारी दुकानात किंवा ऑफिसात पेंग आली तर एक चक्कर मारून येणे हा फुकटचा उपाय आहे.

झोप : मोठ्या माणसाला ७ तासांची तरी झोप हवी. दुपारी १५-२० मिनिटांची डुलकी चालते. तासभर झोपल्यास उठल्यावर जडपणा येतो आणि रात्रीची झोप लांबते.

थकवा जातच नसेल तर

पुरेशी झोप आणि जेवण असूनही दोन-तीन आठवडे थकवा राहत असेल तर चहा वाढवू नये, डॉक्टरांना दाखवावे. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि बी-१२ या तपासण्यांतून बरीचशी कारणे कळतात. हिमोग्लोबिन महिलांत १२ पेक्षा, गरोदर महिलांत ११ पेक्षा आणि पुरुषांत १३ पेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय समजतात. हिमोग्लोबिनची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रातही होते. मोठ्याने घोरणाऱ्या आणि दिवसभर पेंगणाऱ्या माणसाने झोपेत श्वास अडकतो का, हेही तपासून घ्यावे.

चहा, कॉफी किंवा कॅन घेतल्यावर छातीत दुखणे, ठोके अनियमित होणे, चक्कर येऊन पडणे किंवा झटका येणे असे काही झाले तर घरगुती उपाय न करता लगेच दवाखाना गाठावा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

चहा चांगला की कॉफी? मर्यादेत दोन्ही चालतात. कॅफीन कॉफीत जास्त, जेवणातल्या लोहावरचा परिणाम चहाचा जास्त. साखर कमी ठेवणे दोन्हींत महत्त्वाचे.

चहाने अंगातले पाणी कमी होते का? दोन-तीन कपांनी नाही. पण चहा हा पाण्याला पर्याय समजू नये.

लहान मुलांना दूध-चहा द्यावा का? नको. मुलाचे पोट चहा-खारीने भरते आणि जेवण राहते. त्याऐवजी दूध, नाचणीची खीर किंवा ताक द्यावे.

दारूचा अंमल कॉफीने उतरतो का? नाही. माणूस जागा राहतो, पण नशेतच असतो. अशा वेळी गाडी चालवणे तेवढेच धोक्याचे. एनर्जी ड्रिंकमध्ये दारू मिसळणे तर त्याहून वाईट, कारण किती प्यायली याचा अंदाजच राहत नाही.

दिवसाला एकच नियम पाळायचा असेल तर कोणता? जेवणाच्या आगेमागे एक तास चहा नाही आणि दुपारी चारनंतर चहा नाही. एवढे केले तरी कपांची संख्या आपोआप दोन-तीनवर येते.

(ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. आजार असलेल्यांनी, गरोदर महिलांनी आणि नियमित औषधे घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)